दोन बार्कर आणि पेलाभर दूध

१८९७ च्या सुमारास केडगावच्या माळावर मुलींचे जथेच्या जथे उतरू लागले. पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या दुष्काळी मुलखात स्वतः फिरून त्यांना गोळा केलं होतं. ठेवायचं होतं पुण्यात, पण पुण्यात प्लेग शिरलेला. एवढ्या मुली शहरात राहू द्यायला अधिकारी तयार होईनात. मग केडगाव स्टेशनाजवळ फळबागेसाठी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन कामी आली. आधी छपरं उभी राहिली, मग विहिरी, मग दगडी इमारती, पुढे छापखानासुद्धा. आज ‘मुक्ती मिशन’ म्हणून जी जागा ओळखली जाते, ती अशी घाईगर्दीत वसली.

उपाशी माणूस कसा दिसतो हे रमाबाईंना कुणी शिकवायला नको होतं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण एकापाठोपाठ गेले होते. भावाबरोबर देशभर पायपीट करत १८७८ साली त्या कलकत्त्याला पोचल्या. पुढे अमेरिकेत असताना त्यांनी फिलाडेल्फियात बालवाडीचं शिक्षण मुद्दाम घेतलं. लहानपणी हाताला, डोळ्याला आणि जिभेला जे मिळतं ते माणसाला जन्मभर पुरतं, हा बालवाडीचा जनक फ्रोबेल याचा विचार त्यांना पटला होता. म्हणून केडगावात मुलींना जेवणाबरोबर पाटीही मिळाली आणि हाताला कामही.

पण एक प्रश्न उरतोच. सात-आठ वर्षांची पोर दुष्काळातून वाचली, अंगावर मांस चढलं, शिकली, संसाराला लागली. तिच्या शरीरातून तो दुष्काळ गेला का? की पन्नाशीत हृदयाच्या, साखरेच्या नाही तर मनाच्या दुखण्याच्या रूपानं तो पुन्हा दारात उभा राहतो? हे तपासायचं कसं, याचा रस्ता सापडायला आणखी नव्वद वर्षं जावी लागली. तो सापडला इंग्लंडात, जेमतेम वर्षाच्या अंतरानं, ‘लॅन्सेट’ या एकाच वैद्यकीय साप्ताहिकात. माणसं मात्र दोन होती. एकमेकांशी काही नातं नाही, विषय वेगळे, गावं वेगळी, आडनाव तेवढं एक. बार्कर.

पहिले अँथनी बार्कर, शेफील्डचे. हे डॉक्टर नव्हेत, इंजिनिअर. १९८५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्याच्या तारेचं एक वेटोळं माणसाच्या डोक्यावर धरलं आणि त्यातून एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ हजारो अँपिअरचा प्रवाह सोडला. तारेतला प्रवाह असा झपाट्यानं बदलला की भोवती चुंबकीय क्षेत्र उसळतं, आणि ते बदलतं क्षेत्र जवळच्या कुठल्याही वाहकात नवा प्रवाह जागवतं. फॅरेडेनं हे १८३१ मध्येच दाखवून दिलं होतं. आपल्याकडची विजेची जनित्रं याच नियमावर चालतात. बार्कर यांनी काय केलं, तर तो ‘जवळचा वाहक’ म्हणून जिवंत माणसाचा मेंदू घेतला. चुंबकीय क्षेत्राला हाड आडवं येत नाही. कातडी, कवटी, आवरणं सगळं ओलांडून ते दोन-तीन सेंटिमीटर आत जातं आणि तिथल्या पेशींना हलकासा झटका देतं. याआधी डोक्याला थेट वीज लावून हेच करून पाहिलं होतं, पण ते फार दुखायचं. इथे दुखणं जवळपास नाहीच.

ही गोष्ट डोळ्यांसमोर आणून पाहा. माणूस खुर्चीत निवांत बसलाय. अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या मांसल उंचवट्यावर, एक छोटी चकती चिकटवलेली. तंत्रज्ञ ते वेटोळं डोक्याच्या डाव्या बाजूला, कानाच्या जरा वर नेतो, इंच-अर्धा इंच इकडेतिकडे सरकवतो. टक् असा कोरडा आवाज होतो. उजव्या हाताचा अंगठा उडतो. त्या माणसानं तो हलवलेला नसतो, हलवायचं मनातही नसतं. पुन्हा टक्, पुन्हा अंगठा. वेटोळं बोटभर सरकवलं की अंगठा गप्प, कधी दुसरंच बोट हलतं. ‘मी हात हलवला’ असं आपण दिवसातून हजारदा म्हणतो, पण हलवणारा तो ‘मी’ नेमका कुठे बसलाय याचा पत्ता इथे बोटाच्या अंतरात लागतो. टक् आणि उडी यांमध्ये सुमारे २० मिलिसेकंद जातात. मेंदूपासून मानेपर्यंत, मानेतून दंडात, दंडातून अंगठ्यापर्यंत निरोप पोचायला लागणारा हा वेळ. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरे डेव्हिड बार्कर, साउदॅम्प्टनचे. यांच्याकडे यंत्र नव्हतं, नकाशे होते. इंग्लंड-वेल्समध्ये हृदयविकारानं माणसं कुठे जास्त मरतात याचा नकाशा त्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच्या बालमृत्यूंच्या नकाशाशेजारी ठेवला. दोन्ही जवळजवळ एकसारखे निघाले. हे कोड्यात टाकणारं होतं. हृदयविकार हा खाऊनपिऊन सुखी माणसांचा आजार, अशी तेव्हाची समजूत. मग ज्या गरीब वस्त्यांत तान्ही मुलं मरत होती, तिथल्याच वाचलेल्या मुलांना म्हातारपणी हृदयविकार का व्हावा? १९८६ साली त्यांनी हे लिहिलं आणि मग जुनी दप्तरं धुंडाळायला घेतली. हर्टफर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाईंच्या हाताखालच्या परिचारिकांनी १९११ पासून प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन शाईनं वहीत लिहून ठेवलं होतं. आईचं दूध की बाटली, हेही. बार्कर यांच्या चमूनं त्या वह्यांतली पोरं म्हातारपणी शोधली. ५,६५४ पुरुषांचा हिशेब १९८९ मध्ये छापून आला. वर्षाचे असताना ज्यांचं वजन आठ किलो किंवा त्याहून कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराचे मृत्यू बारा किलोंच्या गुटगुटीत बाळांच्या अडीच पटींपेक्षा जास्त निघाले. कोण्या नर्सबाईनं दुसऱ्या महायुद्धाच्याही आधी लिहिलेला आकडा सत्तर वर्षांनंतर माणसाच्या छातीत काय होणार ते सांगत होता. नेमानं भरलेली वही काय करू शकते! आपल्या अंगणवाड्यांतली वजनाची रजिस्टरं पाहताना मला तरी हे आठवल्याशिवाय राहत नाही.

हे दुसरे बार्कर लवकरच पुण्याच्या गोष्टीत शिरले. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक मधुमेहाचे रुग्ण तपासत होते आणि पुस्तकातला मधुमेही त्यांना समोर दिसत नव्हता. पुस्तकातला साठीचा, जाडजूड. समोरचा चाळिशीचा, कधी त्याहून लहान, आणि हाडकुळा. केईएमचं खेड्यांतलं काम तेव्हा रुळलेलं होतं. डॉ. बानू कोयाजी यांनी शिरूर तालुक्यातल्या वढूला १९७० च्या दशकापासून ग्रामीण आरोग्याची घडी बसवली होती. अशा पार्श्वभूमीवर १९९३ साली याज्ञिक, बार्कर यांच्या साउदॅम्प्टनच्या सहकारी कॅरोलिन फॉल आणि आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरची सहा गावं घेतली आणि एक अचाट उद्योग मांडला. पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी, म्हणजे पुणे माता-पोषण अभ्यास.

अचाट अशासाठी की सुरुवात गर्भारपणापासून नव्हती, त्याच्या आधीपासून होती. गावातल्या लग्न झालेल्या, मूल होऊ शकेल अशा दोन हजारांहून अधिक बायकांकडे कार्यकर्त्या दर महिन्याला जायच्या आणि पाळीची तारीख विचारायच्या. उंबऱ्यावर सासू बसलेली, आत चूल पेटलेली, आणि ही परकी बाई हलक्या आवाजात विचारतेय, “ताई, या महिन्याला कधी आली?” दर महिन्याला, वर्षानुवर्षं. विज्ञानाच्या मोठ्या शोधांची छायाचित्रं प्रयोगशाळेत काढतात. हे छायाचित्र कुणी काढलं असेल तर ते मला बघायला आवडेल. पाळी चुकली की त्या बाईच्या गर्भारपणाची नोंद व्हायची. मग काय खाल्लं, किती पाणी ओढलं, शेतात किती राबली, रक्तात काय आहे, सगळं टिपलं जायचं. सुमारे आठशे गर्भारपणं अशी अथपासून इतिपर्यंत लिहिली गेली. बाळंतपण झालं की ७२ तासांच्या आत कार्यकर्ती फूटपट्टी-चिमटा घेऊन हजर. बाळाला पालथं घालून खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरायची आणि मापकाच्या काट्यावर मिलिमीटर वाचायचे. त्यावरून कातडीखाली चरबी किती ते कळतं.

या बाया सरासरी ४२ किलोंच्या. रोजचं खाणं सतराशे-अठराशे कॅलरींचं, काम मात्र दुपटीचं. बाळं सरासरी २.७ किलोंची, साउदॅम्प्टनची बाळं साडेतीनची. इथवर अपेक्षेप्रमाणे. पण चिमट्यानं वेगळंच सांगितलं. पुण्याकडच्या बाळांचं पोट फार लहान होतं, म्हणजे आतले अवयव लहान. दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी. पाठीवरची चरबी मात्र जवळपास गोऱ्या बाळांइतकी राखलेली. हाडकुळं दिसणारं बाळ आतून चरबी धरून होतं. गर्भानं काटकसर केली ती अवयवांत आणि स्नायूंत. मेंदूला आणि चरबीला त्या मानानं फारसा हात लावला नाही. पुढे २००४ मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्येच आपला दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. स्वतःचीच चरबी जगापुढे मांडणारा पुणेकर विरळाच.

शोभा रावांच्या हिशेबात आणखी एक गंमत होती. एकूण कॅलरी किंवा प्रथिनं किती खाल्ली यानं बाळाच्या आकारात फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो पालेभाजी, फळं आणि दुधानं. आणि उलट दिशेनं, कष्टानं. लांबून पाणी आणणं, शेतातलं जड काम, यांचा भार जितका जास्त तितकं बाळ लहान. दारात नळ येणं ही पोटातल्या बाळासाठी आरोग्यसेवाच आहे, असं यावर कुणी म्हटलं तर मी मान डोलावेन.

आता थोडं मागे जाऊ. १९९३-९५ च्या त्या बाया सरासरी एकवीस वर्षांच्या. म्हणजे त्यांचा जन्म १९७२ च्या आगेमागे. हा आकडा ऐकला की दौंड-शिरूरच्या जुन्या माणसाच्या तोंडून एकच शब्द निघतो: दुष्काळ. बहात्तरचा. पाझर तलावांची आणि रस्त्यांची कामं निघालेली, खडी फोडणाऱ्या बायका, वाटपातली सुकडी, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी. त्यांतल्या कैक बायका दिवस गेलेल्या होत्या. आता जीवशास्त्रातली एक साधी गोष्ट. मुलीच्या अंडाशयातली सगळी बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्मानंतर नवी बनत नाहीत. म्हणजे बहात्तर साली खडी फोडणाऱ्या बाईच्या पोटात मुलगी असेल, तर त्या मुलीच्या पोटात १९९३ साली जन्मणाऱ्या नातवंडाचं अर्धं बीज तेव्हाच हजर होतं. त्या सुकडीच्या एका वाटणीवर तीन पिढ्या जेवत होत्या!

या हिशेबावरून लगेच ‘दुष्काळामुळे मधुमेह’ असं कुणी ठोकून देऊ नये. माणसाच्या तीन पिढ्यांत शंभर गोष्टी बदलतात. म्हणून आनंदवर्धन हार्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी उंदीर तपासले. त्यांनी तपासलेल्या उंदरांची एक ओळ पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेली होती. मग त्यांना दोन पिढ्या पोटभर खायला घातलं. २०१५ मध्ये आलेला निष्कर्ष असा की दोन पिढ्यांच्या भरल्या पोटानं पन्नास पिढ्यांची उपासमार पुसली जात नाही. मधुमेहाकडे झुकणारी घडण तशीच राहते. दख्खनेतल्या माणसाला यात स्वतःचं काही दिसलं तर नवल नाही. चौदाव्या शतकाअखेरीच्या दुर्गादेवीच्या दुष्काळापासून आपण मोजत आलोय.

आणि त्या सहा गावांतली मुलं? ती अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. त्यांतली जवळपास निम्मी वजनानं कमी, बारीक अंगाची. तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्क्यांची आणि मुलींपैकी १८ टक्क्यांची साखर असायला हवी त्यापेक्षा जास्त होती. अठराव्या वर्षी. सडपातळ. रस्त्यावरून जाताना कुणाला शंकाही येऊ नये.

इथे दोन्ही बार्कर एकमेकांना भेटतात, आणि मध्यस्थ आहे बी-१२ हे जीवनसत्त्व.

त्या गावांतल्या मातांच्या रक्तात फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिडच्या जातीचं जीवनसत्त्व, पुरेसं होतं, पण जवळपास दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं. बी-१२ बनवतात फक्त सूक्ष्मजीव. धान्यात, डाळीत, भाजीत ते नसतं. मांस, मासे, अंडी आणि दूधदुभतं यांतूनच मिळतं. शाकाहारी किंवा सणावारालाच मटण शिजवणाऱ्या घरात दूध हा त्याचा जवळपास एकमेव रस्ता. आणि मेंदूला ते हवं कशासाठी? मज्जातंतूंच्या लांब धाग्यांवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण असतं. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरीवर रबर असतं तसं. वेष्टण जाड आणि अखंड असेल तर निरोप सेकंदाला शंभर मीटरपर्यंतच्या वेगानं धावतो. वेष्टणच नसेल तर एक-दोन मीटर. बी-१२ नसेल तर हे वेष्टण नीट बनत नाही, बनलेलं विरतं. ते घालायला सुरुवात होते गर्भात, आणि कपाळामागच्या, विचार करणाऱ्या भागात हे काम विशी उलटेपर्यंत चालतं.

आता तो २० मिलिसेकंदांचा आकडा काढा. चुंबकाचं वेटोळं डोक्यावर टक् करून अंगठ्याला किंवा पायाला निरोप किती वेळात पोचतो हे मोजता येतं, म्हणजेच वेष्टण कसं आहे हेही कळतं. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी बी-१२ च्या अभावानं अडखळत चालणाऱ्या रुग्णांवर नेमकं हे केलं. निरोप उशिरा पोचत होता. एका बार्करांचं यंत्र दुसऱ्या बार्करांच्या विषयाची मोजपट्टी झालं.

पुण्याच्या अभ्यासातली मुलं नऊ वर्षांची झाली तेव्हा त्यांच्यासाठी यंत्र आणलं नाही, खेळ आणला. आकडे ऐकायचे आणि उलटे म्हणायचे: पाच-दोन-नऊ ऐकलं तर नऊ-दोन-पाच. दुसऱ्या खेळात कागदावरचे रंगीत गोल क्रमानं जोडायचे, पण रंग आलटून-पालटून. पहिल्यात स्मरण कळतं, दुसऱ्यात लक्ष टिकतं का ते. ज्यांच्या आयांचं बी-१२ गर्भारपणात सर्वांत कमी होतं ती मुलं दोन्हींत मागे पडली. तपासलेली मुलं शंभरावर काही होती, त्यामुळे यावर मोठा इमला बांधू नये. तरी विचार करा: नऊ वर्षांपूर्वी आईच्या दंडातून घेतलेलं चमचाभर रक्त पोराच्या पाढ्यांबद्दल काही सांगून गेलं.

लहानपणाचा ठसा केवळ अन्नाचा नसतो. अमेरिकेत सॅन डिएगोच्या व्हिन्सेंट फेलिट्टी यांच्याकडे वजन कमी करायला येणारी माणसं चांगलं वजन उतरलं की दवाखानाच सोडून जायची. का, हे खोदल्यावर अनेकांच्या लहानपणी अत्याचार निघाले. त्यातून १९९८ चा मोठा अभ्यास उभा राहिला. मारहाण, घरातलं व्यसन, आईला होणारा छळ अशा चार किंवा अधिक गोष्टी बालपणी वाट्याला आलेल्यांत पुढे नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका ४ ते १२ पट दिसला. हृदयविकार आणि कर्करोगसुद्धा वाढलेले. केडगावच्या त्या मुलींना कुणी अशा अनुभवांची प्रश्नावली दिली असती तर किती खुणा झाल्या असत्या!

अशा नैराश्यावर शेफील्डचं वेटोळं आता औषध म्हणून वापरतात. एका टक् नं अंगठा उडतो, पण हजारो टक् एका लयीत, रोज, कपाळाच्या डाव्या भागावर दिले की पेशींमधले जोडच हळूहळू बदलतात. गोळ्यांनी गुण न येणाऱ्या नैराश्यासाठी अमेरिकेत २००८ मध्ये या उपचाराला मान्यता मिळाली. पुण्या-मुंबईतही तो आता मिळतो. आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे. केडगावच्या माणसानं तो घ्यायचा तर तेवढे दिवस दौंड-पुणे गाडीनं जायचं आणि यायचं, आणि रोजगार बुडाला तर बुडाला. उपचारांच्या जाहिरातीत हे येत नाही. गुणही सगळ्यांना येत नाही. याच घराण्यातला पराक्रमी भाऊ म्हणजे मेंदूत खोलवर तार बसवण्याची शस्त्रक्रिया. १९८७ साली ग्रेनोबलच्या आलिम-लुई बेनाबिद यांना शस्त्रक्रियेदरम्यान दिसलं की आतली तार सेकंदाला शंभरेक वेळा ठोकली की कंप थांबतो. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात पार्किन्सनच्या रुग्णांवर ही शस्त्रक्रिया अनेक वर्षं होते आहे. वर्षानुवर्षं थरथरणारा हात कळ दाबताच स्थिर होतो हे पाहणं विलक्षणच.

पण मला थबकायला लावतो तो वेगळाच एक अभ्यास. २००३ मध्ये चार्ल्स नेमरॉफ आणि सहकाऱ्यांनी जुनाट नैराश्याचे ६८१ रुग्ण पाहिले. ज्यांचं बालपण पोळलेलं होतं त्यांना एकट्या औषधापेक्षा बोलण्याच्या उपचारानं जास्त गुण आला. लक्षणं तीच, आजाराचं नाव तेच, पण बालपण वेगळं म्हणून इलाज वेगळा. डोक्यावर चुंबक धरण्याआधी “लहानपणी घरी कसं होतं?” हा प्रश्न विचारायला वीज लागत नाही, वेळ लागतो. बाहेर साठ माणसं बसलेली असताना तो कुठून आणायचा, हे डॉक्टरांचं म्हणणंही खोटं नाही.

आता परत बी-१२ कडे, कारण तिथे करण्यासारखं काही आहे. आधी एक सावधगिरी. त्याच पुणे अभ्यासात सहा वर्षांच्या मुलांत दिसलं की आईचं फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी अशी जोडी असली की मुलात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त. हे वाचून कुणी सरकारी लोह-फोलिकच्या गोळ्या फेकून देऊ नयेत. गर्भाच्या पाठीच्या कण्यातले दोष फोलिक ॲसिडनं बऱ्याच प्रमाणात टळतात हे १९९१ पासून पक्कं झालेलं आहे. अडचण जोडीदार नसण्याची आहे.

तो जोडीदार घरातच असतो, पण सकाळी सहाला कॅनमध्ये बसून दूध संकलन केंद्रावर जातो. पुण्यातल्याच एका प्रयोगात तरुण शाकाहाऱ्यांना दिवसातून तीनदा २०० मिलिलिटर म्हशीचं दूध दिलं, चौदा दिवस. तेवढ्यात बी-१२ ची पातळी वाढलेली दिसली. कॅन भरून गेल्यावर जे उरतं त्यातून शाळेच्या पोराला पेला, तालमीत जाणाऱ्याला तांब्या, म्हाताऱ्यांना चहा. सुनेच्या वाट्याला बहुतेक कोरा चहा. वर, बाळ मोठं झालं तर अडेल म्हणून गर्भारपणी हात आखडून खा, हा सल्ला. आणि हे सगळं संशोधन वाचून शेवटी “आईनं नीट खाल्लं नाही” असंच कुणी म्हणणार असेल तर त्यानं वाचलंच नाही. पाणी कुणी ओढायला लावलं, दूध कुणी विकलं, हेही त्याच वह्यांत लिहिलेलं आहे.

२०१२ मध्ये याज्ञिकांच्या चमूनं पुढची पायरी चढली. १९९३ च्या गर्भारपणांतून जन्मलेली ती मुलं तेव्हा सतरा-अठराची होती. त्यांतल्या ५५७ मुला-मुलींना चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून रोज गोळी दिली: कुणाला बी-१२, कुणाला त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकं, कुणाला नुसती दिखाऊ. मात्रा रोज दोन मायक्रोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातले दोन. मुलींना ही गोळी पहिल्या बाळंतपणापर्यंत चालू ठेवली. या प्रयोगाचं नाव ‘प्रिया’. त्यांची बाळं दोन वर्षांच्या पुढे गेल्यावर ठोकळे, चित्रं, शब्द घेऊन त्यांची विकासचाचणी झाली, आणि २०२१ मध्ये निकाल आला. ज्यांच्या आयांनी फक्त बी-१२ घेतलं होतं ती मुलं समज आणि भाषा या दोन्ही बाबतींत दिखाऊ गोळीच्या गटापेक्षा पुढे होती. पहिली गोळी घेतली तेव्हा त्या आया कॉलेजच्या वयाच्या पोरी होत्या.